आप्पांचा आवाज आणि वरचा गट

आप्पांना हळू बोलता येत नसे. कुजबुज हा प्रकार देवानं त्यांच्या घशात घातलाच नव्हता. मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या या टोकाला उभं राहून ते चहा मागत आणि त्या टोकाचा चहावाला आधण ठेवी. एकदा दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांना अगदी खासगीत म्हणून आपल्या पोटाची तक्रार सांगितली, तर बाहेर बसलेल्या दोघा पेशंटांनी निघताना त्यांना घरगुती औषध सुचवलं. पेठेत त्यांना ‘भोंगा आप्पा’ म्हणत, आणि तोंडावर म्हटलं तरी त्यांना राग येत नसे. सारी उमर मार्केट यार्डात गुळाचे सौदे पुकारण्यात गेलेली. गुळाच्या थप्पीपलीकडं उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला भाव ऐकू गेला पाहिजे, या बेतानं तो आवाज घडला होता. काम सुटल्यावर तो रिकामा पडला आणि आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाच्या वाट्याला आला.

आमच्या तालमीत कुस्ती आता भिंतीवरच्या फोटोंपुरती उरली आहे. बाकी सगळा फुटबॉल. संघ मात्र शहराच्या स्पर्धेत वर्षानुवर्षं खालच्या गटात. खालच्या गटाचे सामने भर दुपारी, उन्हात. पेठेतल्या मोठ्या संघांना बघायला अख्खं शहर लोटतं. आम्हाला बघायला खेळाडूंचे नातेवाईक, आप्पा, मी आणि गॅलरीच्या सावलीत झोपायला येणारे दोन-तीन गृहस्थ. आप्पांमुळं त्या गृहस्थांची झोप काही होत नसे, तरी ते येत.

आप्पा सामना बघत नसत, ते सामन्याशी बोलत. प्रत्येक पोराला घरच्या नावानं हाक. “पिंट्या, उभा काय ऱ्हायलाईस, पुढं ये की जरा.” पिंट्या म्हणजे आमचा गोलकीपर. तो पुढं यायचा. “आता मागं जा. लई पुढं आलास.” तो मागं जायचा. शिवी कधी दिली नाही, पण सकाळी कोण उशिरा उठलं, कुणी आईला न सांगता गाडी नेली, हे सगळं बॉल पुढं सरकत असतानाच जाहीर व्हायचं. एकदा त्यांनी “सोड, सोड तो बॉल” अशी हाळी दिली आणि पलीकडच्या संघाच्या फॉरवर्डनंच बॉल सोडून दिला. त्यांच्या कॅप्टननं रेफ्रीकडं तक्रार केली. रेफ्री गॅलरीखाली येऊन म्हणाले, “आप्पा, जरा हळू.”

“हळूच बोलतोय की,” आप्पा म्हणाले, आणि खरं म्हणजे ते हळूच बोलत होते.

आता माझं सांगतो. मी एका पतसंस्थेत नोकरीला. तालमीकडून आयुष्यात एकच सामना खेळलो, तेही कोचनी मला शेवटची काही मिनिटं उरल्यावर, निकाल पक्का झालाय याची खात्री करून आत सोडलं होतं. माझ्या पायाला बॉल लागला नाही. बॉल माझ्या पाठीला लागला. पण मैदानावर जे जमलं नाही ते मी सभेत भरून काढलं. तालमीच्या कुठल्याही बैठकीत प्रास्ताविक माझं, आभार माझे, आणि मधे कुणी बोललंच तर त्याचा समारोपही माझाच. आप्पा मला ‘वक्ते’ म्हणत. मला वाटायचं कौतुकानं म्हणतात.

त्या वर्षी आमचा संघ खालच्या गटात बऱ्यापैकी वरच्या नंबरला आला. पहिला नव्हे. वर जायचा हक्क पहिल्याचा, आणि तो संघ गेलाही. पण वरच्या गटातला एक संघ आपसातल्या भांडणात मोडला, जागा रिकामी झाली, आणि स्पर्धा भरवणाऱ्यांकडून निरोप आला: तुम्ही येता का वर? उद्यापर्यंत कळवा.

संध्याकाळी तालमीत बैठक बसली. मी उभा राहिलो. इतिहास, संधी, क्षितिज, गरुड, सगळं काढलं. “आयुष्यभर खालीच राहायचं काय?” असं विचारून मी थांबलो, कारण इथं टाळ्या येतात हे मला अनुभवानं ठाऊक होतं. आल्या. मग आप्पा उठले.

“माझं म्हणणं, एवढ्यात नको. पोरं अजून कच्ची हायत. पिंट्याला हाळी दिल्याशिवाय कळत न्हाय कुठं उभं ऱ्हायचं ते. एक-दोन सालं खेळू द्या, आपल्या पायानं जाऊ द्या वर.” मग त्यांच्या मानानं खालच्या आवाजात, म्हणजे रस्त्यावरच्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात ते म्हणाले, “आणि खरं सांगू का, वर लई गर्दी असतीया. माझा आवाज पोरांपर्यंत पोचायचा न्हाय. मग मी तिथं जाऊन करू काय?”

सगळे हसले. सगळ्यात आधी मी हसलो. वर मी असंही म्हणालो की एका माणसाच्या घशासाठी अख्ख्या पेठेनं खाली बसायचं, हे काही बरोबर नाही. हे वाक्य मला इतकं आवडलं की घरी जाऊन बायकोलाही ऐकवलं. तिनं विचारलं, “मग आप्पा काय म्हणाले?” मी म्हटलं, “काय म्हणणार? बसले.”

हात वर करून मतं घेतली. विरोधात आप्पांचा एकच हात. पिंट्याचाही अर्धा वर गेला होता, पण माझ्याशी नजरानजर होताच त्यानं त्या हातानं डोकं खाजवलं.

दुसऱ्या दिवशी मी चौकात फ्लेक्स लावला. ‘वरच्या गटात दिमाखदार प्रवेश.’ दिमाख कुठला, रिकाम्या खुर्चीत बसायला मिळालं होतं. फ्लेक्सवर खेळाडूंचे फोटो खालच्या पट्टीत, पासपोर्ट आकाराचे. वर मी, हात जोडून. मी हात का जोडले होते आणि कुणाला, हे आजही मला सांगता येणार नाही.

वरच्या गटातला पहिला सामना. स्टेडियम गच्च. हलग्या, पिपाण्या, दोन्ही बाजूंचे झेंडे, कानात दडे बसावेत असा गलका. आप्पा माझ्याशेजारी उभे. सामना सुरू झाला आणि त्यांनी पहिली हाळी दिली. मला ऐकू आली, आमच्या पुढच्या माणसाला ऐकू आली, त्यापुढं गेलीच नाही. त्यांनी पुन्हा दिली. मानेच्या शिरा फुगल्या. तिकडं पिंट्या आमच्या बाजूला बघत होता. चालू सामन्यात गोलकीपरनं गॅलरीकडं बघणं बरं नव्हे, आणि पहिला गोल तो असा बघत असतानाच गेला. मग चार गेले.

बाहेर पडताना आप्पांचा घसा बसला होता. बसका आवाज तुमच्या-आमच्या साध्या आवाजाएवढा होता. त्या आवाजात ते म्हणाले, “आज कुणी ऐकलं न्हाय माझं.” तक्रार म्हणून नव्हे, बातमी सांगावी तसं. मला फार वाईट वाटलं. पण मी वक्ता पडलो, मी म्हणालो, “आप्पा, अनुभव येतोय. अपयश ही पायरी...” माझं वाक्य संपायच्या आत त्यांनी रस्ता ओलांडला.

आणखी दोन सामन्यांना ते आले. मग यायचे थांबले. मी त्यांना समजावायला गेलो की आता वरच्या गटाचे सामने मोबाइलवर लाइव्ह दिसतात, घरबसल्या, अगदी जवळून. आप्पा म्हणाले, “दिसतंय रं मला. मी कुठं त्येंस्नी दिसतोय?” मी मोबाइल खिशात घातला.

सगळा हंगाम मार खाण्यात गेला. चौकातला फ्लेक्स कुणी काढला नाही. उन्हानं खेळाडूंचे फोटो उडाले, मी तेवढा हात जोडून उरलो. येणारी-जाणारी दुसऱ्या पेठांतली पोरं त्या फोटोला नमस्कार करून पुढं जायची. शेवटी आमचा संघ तळाला राहिला आणि खाली आला.

मी आप्पांकडं गेलो ते बोलणी खायच्या तयारीनं. मनाशी उत्तरंही जुळवली होती. आप्पा अंगणात दाढी करत होते. मी म्हटलं, “आप्पा, तुमचंच खरं झालं.”

“खरं कसलं? पोरांनी मार खाल्लाय, त्यात मला काय गोड वाटणार हाय? मी काय पोरांचं भलं बघून बोललो न्हवतो, वक्ते. माझ्यासाठी बोललो. तू बी तुझ्यासाठीच बोललास. फ्लेक्स कुणाचा लागला?” आणि वस्तरा पुसत म्हणाले, “वर जायाचंच हाय. तुला घाई हुती, मला न्हवती, एवढंच.”

पुढच्या हंगामात ते परत गॅलरीत आले. ऊन तेच, झोपायला येणारे तेच. पिंट्या पुढं गेला, मागं आला. मी मनातल्या मनात सुखावलो, पण उघड सांगायची सोय नव्हती, कारण संघाच्या पीछेहाटीवर मी नुकतंच कडक भाषण ठोकलं होतं.

मग आप्पांच्या छातीनं कुरकुर सुरू केली. मुलगी सुमन त्यांना कबनूरला आपल्या घरी घेऊन गेली. घराच्या तिन्ही बाजूंना यंत्रमाग. मी भेटायला गेलो तर त्या खडखडाटात मला माझंच बोलणं ऐकू येईना. सुमन ओरडून बोलत होती, जावई ओरडून बोलत होते, शेजारी ओरडून बोलत होते. आप्पा मात्र नेहमीच्या आवाजात. म्हणाले, “हितं माझं कुणालाच जास्त वाटत न्हाय. लई झ्याक हाय गाव.” थोड्या वेळानं म्हणाले, “मॅच कवा हाय?”

त्यावर मी जी शक्कल लढवली ती माझ्या आयुष्यातली एकमेव कामाची शक्कल. तालमीतल्या गणपतीच्या आरतीला वापरायचा स्पीकर मी मैदानाच्या कडेला आणला, त्याला माझा फोन जोडला आणि आप्पांना कबनूरहूनच फोनवर घेतलं. पण खालच्या गटाचा सामना मोबाइलवर दिसत नाही. म्हणजे मैदानात काय चाललंय हे मी सांगायचं, त्यावर आप्पांनी पोरांना हाळी द्यायची. इथं माझ्या वक्तृत्वाची खरी परीक्षा झाली.

“बॉल कुणाकडं हाय?”

“आपल्याकडं.”

“आपल्याकडं म्हंजी कुणाकडं?”

मला नावं पटकन आठवायची नाहीत. इतकी वर्षं मी पोरांना ‘युवाशक्ती’ म्हणत आलो होतो. “त्या उंच पोराकडं,” मी म्हणायचो. तोवर बॉल दुसरीकडं. आप्पा भडकायचे, आणि ते भडकणं आरतीच्या स्पीकरवरून सगळ्या मैदानाला ऐकू जायचं: “वक्ते, भाषणात तर घडाघडा बोलतोस. आता बोल की.” दोन्ही संघ हसायचे. रेफ्रीही हसायचे, पण त्यांनी एकदाही स्पीकर बंद करायला सांगितला नाही. दोन हंगाम मी असा उन्हात उभा राहिलो. सगळ्या पोरांची नावं पाठ झाली, कोण डावखुरा, कोणाला लवकर दम लागतो, तेही कळलं. उशिरा का होईना, मी फुटबॉल बघायला लागलो.

आणि पोरं खेळायला लागली. त्या दुसऱ्या हंगामात शेवटचा सामना जिंकला की आम्ही पहिले, हक्कानं वर. बरोबरी चालली होती, वेळ संपत आली होती आणि आम्हाला पेनल्टी मिळाली. सगळी तालीम कडेला येऊन उभी. मी फोन तोंडाशी धरून उभा. आणि मला, क्षितिज आणि गरुडवाल्या मला, तो गोल नको होता. हे चुकू दे, असं मी चक्क मनात म्हटलं. वर गेलो की हा स्पीकर काय कामाचा?

“वक्ते, गप्प का झालास? काय चाललंय?”

“पेनल्टी हाय आप्पा. आपल्याला.”

बॉल जाळीत गेला. एकच कल्ला झाला. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, कुणी तरी स्पीकरला धक्का दिला. फोनमधून आधी फक्त मागांचा खडखडाट येत होता. मग आप्पा म्हणाले, “बसला न्हवं?”

“बसला. वर गेलो आपण.”

“आपल्या पायानं गेली पोरं. लई भारी झालं.” मग म्हणाले, “पुढच्या साली स्पीकर आणू नकोस. त्या गर्दीत ऐकू जायचं न्हाय, उगंच तुझा हात दुखंल. आता फोन ठेव आणि नाच जा.” मी नाचलो. मला नाचता येत नाही, आणि त्या दिवशी डोळ्यांनाही नीट दिसत नव्हतं.

नवा हंगाम सुरू व्हायच्या आधीच आप्पा गेले. कबनूरला पोचलो तेव्हा आजूबाजूच्या मागवाल्यांनी त्यांच्यासाठी माग बंद ठेवले होते. त्या घरात मी इतकी शांतता पहिल्यांदाच ऐकली आणि ती मला सोसली नाही.

परवा वरच्या गटातला आमचा पहिला सामना झाला. स्टेडियम गच्च, हलग्या, पिपाण्या, सगळं तसंच. या वेळी फ्लेक्स नव्हता. मी एकटाच आप्पा उभे राहायचे त्या जागी उभा होतो. पिंट्या आता गॅलरीकडं बघत नाही, नेमका पाहिजे तिथं उभा राहतो. एकदा मात्र मला वाटलं की तो जरा जास्तच पुढं आलाय, आणि मी घसा फाडून ओरडलो. माझा आवाज तो केवढा, माझ्या मफलरच्या बाहेरही पडला नसेल. शेजारी उभे असलेले एक अनोळखी गृहस्थ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “कुणाला सांगायलाय पावणं? त्येंस्नी काय ऐकू जात न्हाय हितनं.”

“म्हाईत हाय,” मी म्हटलं, आणि परत ओरडलो.