सोळा चौकोनांचं मुकं डबडं

त्या डब्याला स्वतःचा आवाज नाही, हे मला आधी कुणी सांगितलंच नाही. जावईबापूंनी तो टेबलावर ठेवला आणि ते चहाचं पाहायला आत गेले. ताटाएवढा काळा डबा, त्यावर रबराचे सोळा चौकोन, चार ओळी चारांच्या. मी एक चौकोन बोटानं दाबला. काही नाही. दुसरा दाबला, त्याच्यात तांबडा दिवा लागला, पण आवाज नाहीच. मला वाटलं, आता कानही गेले. डावा हात गेला, बायको गेली, आता कान. म्हटलं, चला.

गोष्ट अशी होती. माझी बायको गाणारी होती. आमच्या हिंगणीच्या बुद्धविहारात बायकांचं मंडळ आहे, त्यात ती पुढे बसायची आणि तिच्या बाजूला मी ढोलक घेऊन. चाळीस वर्षं आम्ही असेच बसलो. घरात भांडण झालेलं असलं तरी तिथं बसायचो. एक गाणं तिनं स्वतः जोडलेलं होतं. आई कपाशीत गवत निंदायला जाते आणि लेक पहिल्यांदा शाळेत जाते, दोघी एकाच रस्त्यानं निघतात आणि नाल्यापाशी वेगळ्या होतात, असं ते गाणं. ते ऐकून बायका डोळे पुसायच्या. मी पुसत नव्हतो, माझे हात गुंतलेले असायचे.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. तिच्या आठवणीचं वर्षाचं पुण्यानुमोदन जवळ आलं तेव्हा मंडळातल्या बायका घरी आल्या आणि म्हणाल्या, त्या दिवशी तिचं ते गाणं तिच्याच आवाजात लावू, पण ढोलक तुमची पाहिजे. मी सगळ्यांसमोर हो म्हणून बसलो. बोलताना माणसाला हाताची आठवण राहत नाही. ती जायच्या सहा महिने आधी मला लकव्याचा झटका आला होता. पाय सुटला, तोंड सरळ झालं, डावा हात तसाच राहिला. ढोलकीचा जाड आवाज डाव्या अंगाला असतो. तो निघत नसेल तर उरलेली टिकटिक कुणी ऐकावी?

तिच्या आवाजाचं रेकॉर्डिंगही एकच होतं. माझ्या मुलीनं एका सकाळी आमच्या ओट्यावर तिला गायला लावलं होतं आणि फोनमध्ये घेतलं होतं. मी तेव्हा हाताच्या व्यायामासाठी सेवाग्रामच्या दवाखान्यात होतो, म्हणून त्यात ढोलक नाही. पुढे तो फोन पाण्याच्या टाकीत पडला आणि मेला. गाणं त्याआधी जावयाच्या लॅपटॉपवर घातलेलं होतं, म्हणून वाचलं.

जावई लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतात. ते फोनवर म्हणाले, मामाजी, माझ्याकडे एक पॅड आहे, दोन बोटांनी वाजते, ताकद लागत नाही, तुम्ही इकडे या. मी एका पिशवीत दोन धोतरं आणि गोळ्या टाकल्या आणि एसटीनं त्यांच्या घरी पिपरी मेघेला आलो.

चहा झाल्यावर त्यांनी मला समजावलं. डबा आवाज करत नाही, तो फक्त नंबर पाठवतो. प्रत्येक चौकोनाचा एक नंबर. नंबर वायरीतून लॅपटॉपमध्ये जातो आणि लॅपटॉप आवाज काढतो. पण कोणत्या नंबरावर कोणता आवाज, हे लॅपटॉपला आधी सांगावं लागतं. मी विचारलं, मग लॅपटॉपवरच का मारत नाही? ते म्हणाले, ते लिहायसाठी आहे, हे मारायसाठी. मी विचारलं, आणि ढोलक कुठे आहे? ते म्हणाले, ढोलक आत आहे, कुणीतरी वाजवून ठेवलेली, एक एक ठोका कापून. मला ते काही झेपलं नाही. दुसऱ्या कुणाचा तरी ठोका, मी इथे बोट मारायचं, आणि तो माझा म्हणायचा.

त्यांचा बेत चांगला होता. ते आणि मुलगी दिवसा कामावर जातात. मागे मला एकट्याला सराव करता यावा, माऊसला हात लावावा लागू नये, म्हणून त्यांना गाणं सुरू करायचं, थांबवायचं आणि रेकॉर्डिंग करायचं अशी तीन कामंही चौकोनांवर बसवायची होती. पडद्यावर एक बटण आहे, त्याचा अर्थ 'शिक' असा होतो म्हणे. ते दाबलं की लॅपटॉप वाट पाहत बसतो. मग ज्या चौकोनावर आधी बोट पडेल, तो त्या कामाचा झाला.

ते पडद्याकडे पाहत म्हणाले, "हं मामाजी, सुरू करायसाठी वरचा पहिला मारा." मी मारला. "आता थांबवायसाठी त्याच्या बाजूचा." मारला. "आता रेकॉर्डिंगचा तिसरा. आता जाड ठोका, खालून दुसरी ओळ." असं अर्धा तास चाललं. ते म्हणतील तिथं मी मारायचो आणि दर वेळी हात परत मांडीवर घ्यायचो. त्यांची नजर पडद्यावर, माझी डब्यावर.

मग त्यांनी सांगितलं, चला, सुरू करा. हात डब्यावरच होता, मी तसाच वरचा पहिला चौकोन मारला. काही झालं नाही. दुसरा मारला, नाही. जाड ठोक्याचा मारला, तोही मुका. जावई म्हणाले, असं कसं, लॅपटॉप तर शिकला म्हणतो. वायर काढून लावली. लॅपटॉप बंद करून चालू केला. पुन्हा सगळं पहिल्यापासून शिकवलं आणि पुन्हा तेच. मला त्यांचा राग यायला लागला. पण जावयाला शिवी देता येत नाही, आणि डब्याला दिली तर ती त्यांनाच लागते. म्हणून मी तंबाखू मळली.

दुसऱ्या दिवशी ते दोघं गेल्यावर मी एकटाच टेबलापाशी बसलो. म्हटलं, आपणच पाहू. लॅपटॉप ते चालू ठेवून गेले होते. मी खुर्ची सरकवली, हात पुढे केला, आणि एकही ठोका मारायच्या आधी गाणं मधूनच सुरू झालं. तिचा आवाज. त्या खोलीत मी एकटा, आणि ती एकदम समोर गायला लागली. मी दचकलो. खोकला आला. थांबवायला दिसेल तो चौकोन मारला, सगळे मारले, हातानं ओळीच्या ओळी दाबल्या. पडद्यावर एक तांबडी पट्टी सरकत होती आणि तिच्या मागे गाणं पुसल्यासारखं होत होतं. मी डब्याला नको ते बोललो. शेवटी वायर ओढून काढली, तरी पट्टी सरकतच होती. मी घाबरून झाकण मिटवलं.

संध्याकाळी मुलगी आधी आली. मी तिला सांगितलं, तुझ्या आईचं काहीतरी झालं पाहा. दुसरे शब्दच मला सापडले नाहीत. तिनं झाकण उघडलं, गाणं लावलं. पहिलं कडवं बरोबर चाललं. दुसऱ्या कडव्यात आई नाल्यापाशी येते, आणि तिथं तिचा आवाज तुटला. त्या जागी माझा खोकला ऐकू आला. मग माझ्या शिव्या. मग खुर्ची पडल्याचा आवाज. मग पंखा.

मुलीनं लॅपटॉपवरचा हात मागे घेतला. उभीच राहिली. मीही बसलेला होतो तसाच. बायकोचा आवाज जगात एकाच जागी होता आणि त्यावर मी खोकलो होतो. तिनं नवऱ्याला फोन लावला आणि म्हणाली, "कशालेच हात लावत नाई मी. तुमी या."

तो अर्धा तास माझ्या आठवणीत नीट नाही. भिंतीवरचं कॅलेंडर आठवतं. जावई आले, चपला न काढता बसले, दोन बटणं एकदम दाबली. पुन्हा दाबली. पडद्यावरचा माझा खोकला निघून गेला आणि तिच्या आवाजाच्या रेघा परत आल्या. ते म्हणाले, पुसलं नव्हतं मामाजी, लॅपटॉपच्या माइकनं घेतलेलं तुमचं बोलणं वर चढलं होतं फक्त. मला त्यातला फरक समजला नाही. त्यांनी लगेच ते गाणं एका पेन ड्राइव्हवर घातलं, मग दुसऱ्यावर, आणि एक मुलीच्या नव्या फोनमध्ये. मी म्हटलं, अजून एखाद्यात घाला.

मग त्यांनी विचारलं की तुम्ही नेमकं काय केलं. मी म्हटलं, काहीच केलं नाही, मारायच्या आधीच सुरू झालं. ते म्हणाले, असं होत नाही. मी म्हटलं, झालं. त्यांनी पुन्हा 'शिक' दाबलं आणि मला कालसारखंच मारायला सांगितलं. या वेळी मुलगी माझ्याकडे पाहत होती.

"थांबा," ती म्हणाली. "बाबा, तुमी त्याच्या पाया पडून राह्यले."

"कोणाच्या?"

"डब्याच्या. मारायच्या आधी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ढोलकीवर बसताना मी आधी डाव्या अंगाला बोटं लावतो आणि मग ती कपाळाला लावतो. ज्यांनी मला शिकवलं, त्यांनी पहिल्या दिवशी तेवढंच शिकवलं होतं. ज्याला मारायचं, त्याला आधी हात लावून सांगायचं. हात आपोआप जातो. डब्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या, सगळ्यात खालच्या चौकोनाला मी दर वेळी आधी बोटं टेकवत होतो, आणि लॅपटॉप तोच शिकत होता. सुरू करणं तिथं, थांबवणं तिथं, रेकॉर्डिंग तिथं, जाड ठोका तिथं. म्हणून त्या दिवशी नुसतं बोट टेकल्यावर गाणंही सुरू झालं आणि रेकॉर्डिंगही. बाकीचे पंधरा कोरेच राहिले होते. आदल्या दिवशी लावून पाहताना हात डब्यावरच होता, म्हणून कोपऱ्याला बोट गेलंच नाही.

मुलगी हसायला लागली आणि रडायलाही लागली. म्हणाली, "देव आहे का तो?"

"नाई," मी म्हटलं. "ढोलकही देव नव्हती. पण मारायचं हाय तिले, तं सांगा लागते ना व."

जावयांनी सांगितलं, हात लावायचं सोडा. मी दोनदा सोडून पाहिलं. बसल्यावर बोटं तिथंच जातात, मी काय करू. मग मुलीनंच सांगितलं, तो कोपऱ्यातला चौकोन मोकळा ठेवा, बाबांना हात लावायला. जावई थोडा वेळ डोकं खाजवत बसले, मग त्यांनी त्या चौकोनाचा नंबरच बंद करून टाकला. बाकीचे पुन्हा शिकवले आणि पंधरात आमचं भागलं.

आता ठोका मारला की ठोका वाजायला लागला. पण बोट पडतं आणि आवाज एक केसभर उशिरा येतो. जावई म्हणतात, तेवढं कुणाला कळत नाही. मला कळतं. आणि त्याहून वाईट म्हणजे बायको थांबत नव्हती. जन्मभर ती दुसऱ्या कडव्याला घाई करायची आणि मी जाड ठोका दाबून तिला मागे ओढायचो. ती माझ्याकडे रागानं पाहायची, पण यायची. आता मी कितीही दाबला तरी ती आपली पुढेच. तिला ऐकूच येत नाही. हे मला समजायला दोन दिवस लागले. मी तिला ओढतच राहिलो.

रविवारी जावई रेकॉर्डिंगला बसले. ते म्हणाले, तिसऱ्या कडव्याच्या आधी मामी थांबल्या आहेत, चार ठोक्यांची रिकामी जागा आहे, ती कापून कडवं जवळ आणू का? मी म्हटलं, दाखवा. त्यांनी तेवढंच वाजवलं. कुठेतरी बकरी ओरडते, एक बांगडी वाजते, आणि ती काहीच म्हणत नाही. मग कडवं उचलते.

"ते नका कापू," मी म्हटलं. "थे माही जागा होय."

तिथं मी वाजवायचो. चार ठोक्यांचा तुकडा, दर वेळी. तेवढ्यात ती श्वास घ्यायची. त्या सकाळी मी दवाखान्यात होतो, ओट्यावर ढोलक नव्हती, तरी तिनं तेवढी वाट पाहिली होती.

मी मारलं. उशीर झाला. पुन्हा मारलं, बोट घसरलं. पाचव्यांदा चारही ठोके पडले, पण शेवटचा पडेपर्यंत तिनं कडवं उचललं होतं. जावई म्हणाले, मामाजी, हे मी माऊसनं थोडं अलीकडे सरकवू शकतो, एका मिनिटाचं काम आहे, पण तुम्हाला चालेल का? त्यांना वाटलं मी नाही म्हणेन.

"सरकवा," मी म्हटलं. "थे असती तं तिनं थांबून घेतलं असतं. आता थे थांबत नाई, तं मलेच सरका लागन."

त्यांनी पडद्यावरचा एक हिरवा तुकडा बोटभरही नाही इतका डावीकडे सरकवला आणि लावून दाखवलं. ती थांबली, चार ठोके पडले, तिनं कडवं उचललं. ठोका कुण्या परक्या माणसाचा, बोट माझं, जागेवर बसवला जावयानं. त्याला कुणाचं म्हणावं, ते मला अजूनही कळलेलं नाही. मी त्यांना म्हटलं, पहिल्यापासून लावा.