सहदेव रंगाऱ्याचे कुंचले

सहदेवासारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि पाहायची हौसही नाही. ठाण्यात तलावाजवळ त्र्यंबकरावांचा बग्ग्या बांधायचा कारखाना होता. मी तिथे चाकं करणारा सुतार आणि सहदेव रंगारी. मुंबईत कधीतरी त्याने एका साहेबाच्या बंगल्याच्या खिडक्या रंगवल्या होत्या. तेवढ्यावर तो आम्हा सगळ्यांना अडाणी समजायचा. भर उन्हाळ्यात जाकीट घालून यायचा.

काम संपलं की हा कुंचला रंगाच्या डब्यात तसाच उभा सोडून द्यायचा. चार दिवसांत केस वाळून दगड. मग तो कुंपणाकडे भिरकावायचा आणि म्हणायचा, "धुणं धुवायला मी मोलकरीण नाही." नवे कुंचले विलायतेहून बोटीने मुंबईला येत आणि तिथून आमच्याकडे. त्र्यंबकराव सज्जन म्हणून प्रसिद्ध होते. खरं म्हणजे कुणाला काही बोलायची त्यांना भीती वाटायची.

फेकलेले कुंचले सखुबाई उचलून न्यायची. ही कळव्याची, मिठागरात काम करणारी विधवा. खाडी ओलांडून कारखान्यात सरपण घेऊन यायची. गावातल्या होड्यांना तेल आणि रंग लावायचं कामही तिच्याकडेच असे. सहदेव तिला पाहिलं की नाकाला उपरणं लावायचा.

"ने, ने. चूल सारवायला होतील," असं तो म्हणायचा. ती कुंचले ओच्यात घालून चालू लागे. आम्ही मात्र हसायचो.

एका माघात वकिलाच्या मुलीच्या वरातीसाठी बग्गी करायला आली. रंगाचे शेवटचे दोन हात राहिले असताना सहदेव चार दिवस कल्याणला सासुरवाडीत जाऊन बसला. परत आला तेव्हा एकूण एक कुंचला वाळलेला. मुंबईच्या दुकानदाराने कळवलं, बोट आलेली नाही, महिनाभर तरी काही मिळणार नाही.

सहदेव घाबरला नाही. घाबरायलाही थोडी अक्कल लागते. त्याने पातेल्यात पाणी, चुना आणि पापडखार घालून खाली जाळ केला आणि सगळे कुंचले त्यात बुडवले. "साहेबलोकांची रीत आहे," असं आम्हाला सांगितलं. तासाभराने दांडे बाहेर काढले तर केस शिजून चिकट लगदा झालेले.

त्र्यंबकरावांनी मला कळव्याला पाठवलं.

सखुबाईच्या पडवीत दोरीला सोळा कुंचले टांगलेले होते, मांजरीच्या पिलाइतके मऊ. हे मऊ कसे केलेस, असं मी विचारलं तेव्हा तिने काम न थांबवता सांगितलं, "आळशीच्या तेलात आठ-दहा दिस टांगून ठेवायचं. केसच बुडवायचं, बांधलंय तिथवर तेल जाव द्यायचं नाय. मंग कोमट पान्यात रिठा घालून बोटांनी चोळायचं, फणीनं इंचरायचं नि वल्या फडक्यात गुंडालून ठेवायचं. घाई केली का केस जातंय."

"आम्हाला देतेस का?"

"कुंचलं कोनाला देनार नाय. रंग लावायचा तर मी लावीन."

त्र्यंबकरावांना सहदेवाची भीती होती, पण वकिलाची जास्त होती. दुसऱ्या दिवशी सखुबाई आली. तिने बग्गीला पहिला हात दिला, तो पुरता वाळल्यावर पुन्हा येऊन दुसरा दिला. कुंचल्याचा एक ओरखडा उमटला नाही. बग्गीच्या काळ्या अंगात समोरचं चिंचेचं झाड दिसत होतं. सहदेव जाकीट घालून शेजारी उभा राहून "इथे जरा, तिथे जरा" करत होता. तिने एकदाही तिकडे पाहिलं नाही.

वकील आले. बग्गीभोवती फिरले, आणि विचारलं, "कुणाचा हात?"

"गरिबाचाच," सहदेव वाकून म्हणाला.

वकिलांनी खांद्यावरचा शेला काढून त्याच्या अंगावर घातला. सखुबाई दहा पावलांवर विहिरीपाशी कुंचले धूत होती. तिने ऐकलं. त्र्यंबकरावांनी जमिनीकडे पाहिलं. मीही पाहिलं. आम्ही सातजण होतो, एकानेही तोंड उघडलं नाही.

वकील गेल्यावर त्र्यंबकराव विहिरीवर गेले आणि हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही इथेच कामाला राहा."

तिने कुंचले फडक्यात गुंडाळले. "त्यो खोटं बोलला, त्याची तशी जातच हाय. पन तुमी समदी शानी मानसं," ती म्हणाली. "तुमच्यात मी नाय ऱ्हायची."

ती गेली, आणि पुन्हा सरपणही घेऊन आली नाही. सहदेव तो शेला सणावारी पांघरून तलावाभोवती मिरवायचा आणि नव्या माणसांना बग्गीची गोष्ट सांगायचा. सांगता सांगता त्याचा स्वतःचाच त्या गोष्टीवर विश्वासही बसला होता. आम्ही त्याची मागून टिंगल करायचो. समोर करायची कुणाची छाती नव्हती, माझीही नव्हती.

दोन वर्षांनी मी ते काम सोडलं आणि कळव्याला होड्या बांधायला लागलो. माझ्या होड्यांना रंग सखुबाईच लावायची. कामापुरतं बोलायची. फळी कुठे सुटून वर आली असेल तर सांगायची, तेल कमी पडलं तर मागायची. त्यापलीकडे तिने मला कधी धोंडीबा म्हणून हाकसुद्धा मारली नाही, आणि का मारत नाही हे विचारायचं मला कधी धाडस झालं नाही.