काचेची पट्टी

टेलरमावशी सहा महिने पाय चोरून मशीन चालवत होती. चौथ्या मजल्यावर शर्ट शिवताना जमीन हलते का ते बघत बसायचं, म्हणजे भीतीचीही हद्द झाली. पण अंथरुणाला खिळलेली सासू घरात आणि फाटलेली भिंत जिन्यात, मग माणसाचं असंच होतं.

जिन्यातल्या त्या तड्यावर इंजिनियरने काचेची एक पट्टी आडवी चिकटवली होती. "ही तडकली तर भिंत सरकली समजा. त्याच दिवशी घरं रिकामी करा," असं बजावून तो गेला. रिकामी करून जायचं कुठे, ते मात्र सांगायला विसरला. मावशी रोज सकाळी खालून पाणी आणताना पट्टीवरून बोट फिरवायची. पट्टी अखंड असली की तिच्या जिवात जीव यायचा आणि दिवसभराचे शर्ट भराभर हातावेगळे व्हायचे.

त्या सकाळी बोटाला धार लागली. पट्टीचे सरळ दोन तुकडे झाले होते. सासूला उचलून न्यायचं कुठे? मशीन ठेवायचं कुठे? कुणी बघायच्या आत तिने गळ्यातल्या टेपने माप घेतलं, तुकडे पिशवीत लपवले आणि कोपऱ्यावरचं काचेचं दुकान गाठलं.

"सहा इंच लांब, एक इंच रुंद. फोटोच्या चौकटीला हवीय," तिने ठोकून दिलं.

काचवाल्याने फळीवरून तयार पट्टीच काढून पुढे केली. "हल्ली कापूनच ठेवतो. परवा तुमचे खालचे मास्तर घेऊन गेले, गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनी. त्यांचेही फोटोच! मावशी, तुमच्या बिल्डिंगीत फोटो फार फुटतात बुवा."

मावशीला हसू येईना. ज्या काचेच्या भरवशावर ती वर शिवत बसत होती, ती दर वेळी नवी होती. भिंत मात्र सरकतच होती. पट्टी तिथेच टाकून ती तशीच घराकडे धावत सुटली.

मास्तरांचं दार तिने दोन्ही हातांनी बडवलं. "मास्तर, तुमचाही फोटो फुटला होता ना?"

मास्तरांनी तिच्या बोटावरचं रक्त पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दारामागच्या चपला पायात सरकवत ते म्हणाले, "मशीन राहू द्या. सासूबाईंना एका बाजूने मी धरतो."