ऑपरेशनच्या आधीचा उन्हाळा

कंपवात सुरू झाला तेव्हा मी दोंडाईच्याला मुख्याध्यापिका होते. निवृत्तीनंतर गोळ्यांचा असर दोन तासांत उतरू लागला, उजवा हात आवरेना, आणि सून मला चमच्याने वरणभात भरवू लागली. जिच्यासमोर अख्खी शाळा चिडीचूप बसायची, तिला कुणी घास भरवावा! मला भयंकर राग यायचा. धुळ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मेंदूत बारीक तारा घालायच्या, छातीत बॅटरी बसवायची; हात थांबण्याची आशा चांगली होती.

पण एमआरआय पाहून त्यांनी फिल्म माझ्यासमोर उजेडात धरली. मेंदूत जागोजागी पांढरे ठिपके होते.

"बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यात, मॅडम. बीपीची गोळी घेता ना?"

खोटं बोलणं मला जमत नाही. कंपाची गोळी मी घड्याळ लावून घ्यायचे, बीपीची मात्र डोकं दुखेल त्याच दिवशी. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही, हे मी स्टाफरूममध्ये इतरांनाही छातीठोकपणे सांगत आले होते.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. बीपी ताब्यात नसेल तर तारा घालताना मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून आधी तीन महिने ते नीट ठेवायचं. ऑपरेशनने हात सुधारेल, पण चालताना तोल सुधारेलच, याची खात्री नाही. रक्तवाहिन्यांनी जे बिघडवलं, त्यावर तारांचा इलाज नाही.

ठीक आहे, म्हटलं. तीन महिने तर तीन महिने.

रोज सकाळी बीपी मोजायचं. हात हलायचा आणि मशीन एरर दाखवायचं. मग सून माझा दंड उशीवर दाबून धरायची आणि आकडा येईपर्यंत मी तिला बोलू द्यायचे नाही, स्वतःही बोलायचे नाही. त्यातच पापडांचे दिवस आले. गल्लीतल्या बाया अंगणात जमल्या. उडदाच्या पिठाच्या कच्च्या लाट्या तेलात बुडवून खाणं, हाच आमच्याकडे पापडांचा खरा सण. पण पापडखार आणि मीठ ठासून भरलेलं. जाऊबाईंनी लाटी माझ्या तोंडापाशी आणली.

"एक लाटी खाई लिधी ते काय व्हस, अक्का?"

तोंडाला पाणी सुटलं होतं, खोटं कशाला सांगू. मी मान फिरवली. त्या रुसल्या, आणि चार दिवस आमच्याकडे फिरकल्या नाहीत. मीही बोलवायला गेले नाही.

ऑपरेशन मुंबईला झालं. महिनाभराने तिथल्या डॉक्टरांनी छातीतलं मशीन चालू केलं आणि हात थांबला. मी पाण्याचा पेला उचलला, ओठाला लावला, सगळा प्यायले. पदर कोरडा होता. सून रडायला लागली, मीही रडले.

"आता जरा चालून दाखवा," डॉक्टर म्हणाले.

दारापर्यंत गेले, आणि उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटले. सोबत आलेल्या मुलाचा चेहरा उतरला.

"डॉक्टर, हे बरं होणार नाही का?"

डॉक्टरांच्या आधी मीच उत्तर दिलं. "हात यांनी परत दिला. पाय मी घालवलेत. त्यांचं मी बघते."

मग मोठ्याने एक, दोन म्हणत एकेक पाऊल उचललं. चौथ्या पावलाला मी दाराबाहेर होते.