मोतीरामची वरची कवळी

अकोल्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाठी वाहणाऱ्या मोतीरामचे वरचे सगळे दात पायरियाने चौपन्न सालीच गेले होते. त्याचं त्याला फारसं दुःख नव्हतं. भाकर कालवून खाता येते, आणि गाठी काही दातांनी उचलायच्या नसतात. पण छप्पनला वस्तीने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, घरातले देव गेले, आणि लग्नात, मयतीत वंदना म्हणायची कोणी, हा प्रश्न उभा राहिला. दुसरी शिकलेल्या मोतीरामने छोट्याशा पुस्तकावरून दोन महिन्यांत सगळं तोंडपाठ केलं. आवाज खणखणीत, पण दातांवाचून शब्द बोबडे पडत. मग बायकोने, गंगूबाईने पाटल्या काढून दिल्या आणि कवळी आली.

झोपताना ती काढून पाण्यात ठेवायची, असं कवळी करणाऱ्याने बजावलं होतं. मोतीरामने ते ऐकलं नाही. मयतीचं बोलावणं वेळ सांगून येत नाही. दारात माणूस रडत उभा असावा आणि आपण दात शोधत बसावं, याची त्याला लाज वाटे. सात वर्षं तो कवळीसकट झोपला. हिरड्या सोलवटल्या, कवळी सैल झाली, तर जिनातला कापूस कोंबून त्याने ती दडपून बसवली.

चौसष्ट साली एका लग्नात ती भर वंदनेत नवरीच्या पायाशी पडली. मांडव पोट धरून हसला.

तो अमरावतीच्या दातांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने वरच्या जबड्यावरून बोट फिरवलं.

"दिवसरात्र घालत होता?"

"हो साहेब. लोकाइले दारात उभं ठेवू काय?"

"तिच्या दाबानं हाड झिजलं. नवी कवळी बसेल कशावर? बाहेरदेशी हाडात धातूचे खुंटे बसवून दात लावतात म्हणे, पण त्यालाही हाड लागतं. तुमच्याकडे तेच उरलं नाही."

वस्तीने तोवर दुसरा माणूस शोधलाही होता. खुशाल, तहसिलीतला कारकून, मॅट्रिक पास, बत्तीस दात शाबूत. तो पुस्तकात बघून वाची. "तुमी आराम करा आता, मोतीरामजी," असं सगळे गोड आवाजात म्हणाले. कृतघ्न माणसं इतकी गोड बोलतात की भांडायलाही जागा ठेवत नाहीत.

पुढच्या वर्षी त्याच्या एकुलत्या एक मुलीचं, शकुनचं लग्न ठरलं. "हे एक लगन मी लावतो," एवढंच त्याने मागितलं. पाहुण्यांसमोर खुशालच बरा, असं गंगूबाईसुद्धा म्हणाली.

मांडवात खुशाल वाचू लागला आणि पान उलटताना पंचशीलातलं एक शील गाळून पुढे गेला. कोणाच्या लक्षात आलं नाही. मोतीराम उठला, सैल कवळी पुन्हा पडू नये म्हणून काढून खिशात घातली आणि बोडक्या हिरड्यांनी ते राहिलेलं शील मोठ्यांदा म्हणू लागला. अर्धे शब्द नुसता वारा होऊन निघाले. नवरदेवाकडची पोरं खिदळली.

शकुनने खालमानेनेच म्हटलं, "बाबा, चूप बसा ना! लोकं हासून राहिले."

मोतीराम शील अर्धवट सोडून खाली बसला. त्याच्या मुलीच्या लग्नात एक शील राहून गेलं ते गेलंच.

पाठवणी झाल्यावर त्याने खिशातली कवळी धुतली आणि वाटीत पाणी घेऊन तिच्यात ठेवली. आता त्याला बोलवायला कोणी येणार नव्हतं.