सीआरपीची वही आणि कोरा कागद

माझी लेक जन्मली त्या संध्याकाळी दूध ओढेना, नुसती पडून राहिली. तिला लगेच लहान बाळांच्या आयसीयूत नेलं. रक्तात जंतुसंसर्ग झाला असावा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रक्त तपासलं. संसर्ग झाला की रक्तात सीआरपी वाढतो, तो नॉर्मल आला. तरीही अँटिबायोटिक सुरू केलं! मला काही कळेना.

मी सिंगापुरात आंग मो किओच्या ऑफिसात सर्व्हरवर लक्ष ठेवणारा माणूस. हिरवा दिवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे पळा. बुकित पंजांगच्या फ्लॅटवरून वही आणली आणि आकडे लिहायला बसलो. दुसऱ्या दिवशी सीआरपी अठ्ठावीस. म्हणजे लाल दिवा! आणि बाई म्हणतात, "आज बरी दिसतेय."

"आकडा वाढलाय, डॉक्टर!" मी जवळजवळ ओरडलोच.

"तो उशिरा वाढतो, उतरतोही उशिरा. बाळाकडे बघा, दूध मागतेय."

मग नेटवर वाचलेली संसर्गाची दुसरी, प्रोकॅल्सिटोनिनची तपासणी मी सुचवली. तर म्हणे, पहिले दोन दिवस तो निरोगी बाळातही वाढलेला असतो. कसली ही यंत्रणा! मी डोकं धरून बसलो.

चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "सारखा वहीत बघतोयस. तिला एकदा तरी घेतलंस का?" मी चिडलो, कारण घेतलं नव्हतं. हातातच काही झालं तर, या भीतीनं.

सहाव्या दिवशी आकडा उतरला. रक्तात जंतूही सापडले नव्हते. बाई म्हणाल्या, "औषध बंद करू."

"मग तिला झालं काय होतं?"

"कधीकधी नाही कळत."

दुपारी पुण्याहून आईचा फोन आला. "आज सटवाई येते रे नशीब लिहायला. उशाशी कोरा कागद नि पेन ठेव." मी निमूटपणे वहीतलं पान फाडलं आणि सवयीनं त्यावर तारीख, सीआरपी लिहून मोकळा झालो.

"अरे, कोरा!" बायको कळवळून म्हणाली.

दुसरं पान फाडलं. नर्सनं ते पेनसकट पाळण्याच्या कडेला चिकटवलं. "नथिंग टू राइट, अह?"

"नो," मी म्हटलं. वही बायकोच्या हातात दिली आणि लेकीला पहिल्यांदा उचललं. ती भुकेनं टाहो फोडत होती. मी घाबरलेलाच होतो, पण तिला खाली ठेववेना.