दत्तूमास्तरांचा घोट

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार दत्तूमास्तरांचे आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पळी फेकून मारली होती. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. हुपरीहून बसने येऊन कोल्हापुरातल्या एका हॉटेलात बार सांभाळू लागलो होतो. मास्तर तिथले मुख्य आचारी. कागलच्या कारखान्यांत येणाऱ्या परदेशी इंजिनिअरांसाठी ते कोळंबीवर बडीशेपेच्या वासाची विलायती दारू ओतून पेटवत. मी थेट बाटलीच तव्यावर धरली, म्हणून पळी.

"बाटलीत जाळ शिरला की थोबाड जातंय, बीएस्सी! वाटीत घे, मग वत!"

ते स्वतः थेंबही घेत नसत. चव मी बघायची, ते नुसता वास घेत. पूर्वी एकदा दारूच्या भरात त्यांनी सख्ख्या भावाचं डोकं फोडलं होतं. भाऊ जगला, पण त्याची वाचा गेली. "एक घोट गेला की मी माझा ऱ्हात न्हाय," मास्तर म्हणत.

एका दुपारी जयसिंगपूरकडच्या चौघांनी "ती बडीशेपवाली" मागवली. मी बर्फाचं पाणी घालताच काचेसारखी दारू दुधासारखी पांढरी झाली. ती तशी होतेच, पण ते आधी सांगायला मी विसरलो. गावाकडे भावकीशी त्यांचं जमिनीवरून वैर पेटलं होतं आणि कुणीतरी विष घालील अशी त्यांना धास्ती होती, हे मला नंतर कळलं.

"काय कालवलंस रं? कुणी पाठवलं तुला?" चौघांतल्या थोरल्याने माझी मान टेबलावर दाबली, बाटली फोडली आणि काच गळ्यात रुतवली. रक्त कॉलरमध्ये उतरलं.

मास्तर सत्तूर घेऊनच बाहेर आले. "पावणं, सोडा त्याला. इख न्हाय त्यात."

"मग तू पी की! न्हायतर ह्यो गेला!"

मास्तरांनी सत्तूर खाली ठेवला. ग्लास उचलला. एका दमात त्यांनी तो रिकामा केला.

"जित्ता हाय न्हवं? आता सोड."

काच बाजूला झाली.

त्या दिवशी मास्तर घरी गेले नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनी दारूच्या नशेत स्वतःच्या मुलाचा हात मोडला. मुलाने त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. तिथे मी हे पत्र पाठवलं:

"मास्तर, गळ्याची जखम भरली. तुम्ही भेटायला नको म्हणालात, म्हणून लिहितो. त्या ग्लासात विष नाही, हे मला ठाऊक होतं. तो घोट तुमचं काय करील, हेही ठाऊक होतं. 'मीच पितो' एवढं मला म्हणता आलं असतं. भीतीने मी गप्प राहिलो. तुमच्या मुलाला मी हे सगळं सांगितलं आहे. रविवारी आम्ही दोघं येतोय. हाकललंत तरी फाटकाशी बसून राहू.

तुमचा, महादेव"